घामघराची ओटी

"आत्या, आई गेली," असं प्रशांत फोनवर म्हणाला आणि मी त्याला विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. आमची वहिनी घरात कधी सापडायचीच नाही. चहा झाला की बाई शेडवर, नाहीतर वरूडच्या बसमध्ये, नाहीतर कोणाच्या तरी बाळंतपणाला. पोरगं तिकडे हुंदके देत होतं आणि मी इकडे अकोल्यात पिठाच्या हातानं फोन धरून म्हणतेय, "न जेवताच गेली का?" मग उलगडा झाला. अंघोळ करून आली, केस विंचरायला बसली, आणि बसल्या जागी... डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. मला आधी रडू नाही आलं, राग आला. आदल्याच रविवारी आम्ही दोघी फोनवर भांडलो होतो, भरल्या वांग्यात गूळ घालायचा की नाही यावरून, आणि ते भांडण अर्धवट राहिलं होतं. नणंद-भावजयीचं भांडण असं अर्ध्यावर टाकून जायचं असतं का? अमरावतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत होते. मूर्तिजापूर कधी मागं गेलं ते कळलंसुद्धा नाही.

कुसुमवहिनी वरूडची. तिच्या वडिलांचं संत्र्याच्या पॅकिंगचं मोठं अंगण होतं, आणि ती तिथं पेट्यांमध्येच वाढली. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं कपड्यांचं कपाट रिकामं केलं आणि असं लावून दिलं की त्यात आणखी तेवढेच कपडे मावले असते. मी चिडले. ती म्हणाली, "शोभाताई, जागा देवानं दिली म्हणून सांडायची का?" तिच्या नाकावर माशी बसायची नाही आणि तोंडाला कुलूप नव्हतं. आईला ती फार आवडायची, म्हणून मला जरा उशिरा आवडू लागली.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लाकडाच्या कामातला. आधी परतवाड्याहून सागवान आणून दिवाण-कपाटं करायचा. पुढं नांदगाव पेठेकडे त्यानं शेड घेतली आणि मुंबईच्या एका एजंटाकडून त्याला एक अजब काम मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या एका घाऊक खरेदीदाराला सौना पाहिजे होत्या. सौना म्हणजे काय, हे दादानं आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. बाहेरून आलेल्या हलक्या पाईनच्या फळ्यांची खोली, आत बसायला बाक, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर दगड. दार लावून आत बसायचं आणि घाम काढायचा. आम्ही बघतच राहिलो. "अन् याचे पैसे देतात लोक?" वहिनीनं विचारलं. "त्याईले म्हणा, मे महिन्यात आमच्या शोभाताईच्या घरी या. अकोल्यात फुकट होते सारं." त्या दिवसापासून सौना हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. वहिनीनं त्याचं बारसं केलं... घामघर.

पहिलं घामघर दादानं शेडमध्येच उभं करून पाहिलं. थंडीचे दिवस होते, मी सुट्टीत आले होते. वहिनी म्हणाली, "चाला, आत बसून पाहू. जे विकून राहिलो ते आपल्याले मालूम नको का?" आणि आम्ही दोघी, नेसत्या लुगड्यानिशी, खांद्यावर पंचा टाकून आत जाऊन बसलो. दादा बाहेरून दार वाजवत होता, "जिवंत हायेत का दोघी?" लाकडाचा गोडसर वास, अंगावरून निथळणारा घाम... वहिनी मागं टेकली आणि म्हणाली, "बरं वाटते वं. कोणी हाक मारून नाही राहिलं." आयुष्यात पहिल्यांदा तिला नुसतं बसलेलं पाहिलं मी. पण तेही फार वेळ टिकलं नाही. जरा वेळानं ती म्हणाली, "वरूडले गेली होती. बाबाचं आंगण रिकामं पडलं. बगिचे वाळून राहिले, बोअरले पाणी नाही. ज्या बाया माह्या बरोबरीनं पेट्या भरत, त्या दिवसभर ओट्यावर बसून राहतात. शेवंता मले म्हणे, कुसुमबाई, हाताले काम नसलं त हात आपला वाटत नाही." ती वर्षं वऱ्हाडात कशी होती हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. आज कोणत्या शेतकऱ्यानं जीव दिला असेल, म्हणून सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. वहिनी म्हणाली, "त्याईले मी इथं आणीन. पेटी भरणं त्याईच्याइतकं कोणाले जमते?" मी विचारलं, "दादाला विचारलंस का?" तिनं पंच्यानं तोंड पुसलं. "सांगीन ना त्याईले. इचारायचं काय त्यात?"

आणि आणल्या तिनं. शेवंता आणि तिच्याबरोबरच्या बायका बोचकी घेऊन आल्या, शेडजवळ खोल्या करून राहिल्या. वहिनीनं त्यांना एकच शब्द दिला होता, की माह्या जबाबदारीवर या, काम बंद पडू देणार नाही. फार मोठा शब्द होता तो. दादाची ऑर्डर एकच, तीही नवीन, एजंट कधी पाठ फिरवेल याचा नेम नाही. पण बाया कामाला लागल्या आणि शेडचं रूप पालटलं. संत्र्याच्या पेटीत फळ हललं तर ते सडतं, म्हणून पेटी भरताना हललंच नाही पाहिजे, हे त्यांच्या बोटांत होतं. भिंतीचे भाग, बाक, काचेचं दार, सगळं फोममध्ये गुंडाळून त्या अशा बसवायच्या की पेटी हलवली तरी आत चूं की चां नाही.

फक्त एक अडचण होती. संत्र्याच्या पेटीत तणस घालतात, भाताचा पेंढा. आणि परदेशातून जे नियम आले होते, ते मीच सगळ्यांना वाचून दाखवले होते. तणस चालणार नाही. पाला, माती, साल, बी, धान्याचा दाणा, काही चालणार नाही. त्यांच्या देशात आपल्याकडची कीड जायला नको. बाया कुरकुरल्या. "तणसाबिगर पेटी म्हणजे गादीबिगर पलंग," शेवंता म्हणाली. पण वहिनी त्या नियमांच्या मागं अशी लागली की विचारू नका. शेडच्या दारात उभी राहून एकेकीच्या केसांतला गजरा काढून घ्यायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा बाहेर, डबा बाहेर, चपला बाहेर. रानातून चालत आलेल्या बायकांच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असायची, ती स्वतः खाली बसून वेचायची. कंटेनर आला तेव्हा आत शिरून तिनं तो ओल्या फडक्यानं पुसून काढला, आपलं देवघर पुसावं तसा. माल भरला, दार लागलं, सील लागलं आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. सगळ्या बायका रस्त्यापर्यंत गेल्या होत्या म्हणे. मी तेव्हा अकोल्यात, शाळेत शिकवत होते.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका शनिवारी मी शेडवर होते आणि मुंबईहून एजंटाचा फोन आला. फोन कानापासून लांब धरावा लागेल इतका तो ओरडत होता. पाठोपाठ दादाच्या कॉम्प्युटरवर एक फोटो आला. पांढऱ्या टेबलावर नारळ. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला, पोलीस चोराचा काढतात तसा. दुसऱ्या फोटोत हळकुंड, सुपारी, मूठ-दोन मूठ तांदूळ आणि हिरवा खण. तिकडच्या बंदरावर शेवटची पेटी उघडली तर बाकाखाली हे सापडलं होतं. सगळा कंटेनर अडकवून ठेवला होता. खरेदीदार म्हणत होता माल परत न्या, एजंट म्हणत होता पुढची ऑर्डर विसरा. दादानं सगळ्या बायकांना उभं केलं आणि कधी नव्हे तो आवाज चढवला, "कोणी ठेवलं हे?" शेवंतानं मान खाली घातली, ती काही बोलायच्या बेतात होती. तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, "म्या ठेवलं."

तिनं शांतपणे सांगितलं. शेवटची पेटी बंद करायची होती आणि शेवंता म्हणाली, हे पहिलं घामघर म्हणजे आपली पहिली लेक, सातासमुद्रापार चालली, रिकाम्या पदरानं पाठवता का? मग वहिनी घरी जाऊन ओटीचं सामान घेऊन आली. दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "अवं, तुले सांगतलं होतं ना, धान्याचा दाणा नको म्हणून?" वहिनी म्हणाली, "ते धान्य नोहे. ओटी होती ते." "तांदूळ होते ना त्यात?" "होते ना. पण ओटीतल्या तांदळाले कोणी धान्य म्हणते का?" खरं सांगते, मी शिक्षिका, नियम मीच वाचून दाखवलेले, पण त्या क्षणी मला तिचंच पटलं. आपल्यात ओटी ती ओटी. तिला धान्य म्हणणं म्हणजे कुंकवाला पावडर म्हणणं झालं. कुसळ न कुसळ वेचणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं नारळ आत ठेवला आणि तिला एकदाही वाटलं नाही की आपण नियम मोडून राहिलो. वाटलं असतं तर ठेवलाच नसता, हे मी शपथेवर सांगेन.

दादा शेड बंद करायच्या गोष्टी बोलू लागला. बायकांनी बोचकी बांधायला घेतली. त्यांच्यातली एकही वहिनीला टाकून बोलली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. रडली वगैरे नाही ती. रडणाऱ्यांतली नव्हतीच. स्वयंपाकघरात ताटं घेता घेता एकदम म्हणाली, "पॅकिंग म्या शिकवलं, चूक म्या केली. मंग त्याईचं काम काहून बंद? शोभाताई, तुमाले इंग्रजी येते ना? चाला मुंबईले." खरेदीदाराच्या कंपनीतली कोणी मॅडम मुंबईत एजंटाच्या ऑफिसात येणार होती, एवढं तिनं फोनवर ऐकून ठेवलं होतं. दादा म्हणाला, "आ बैल मला मार असं कायले करतं? ते लोक तुले दारातूनच वापस करतील." ती म्हणाली, "केलं त येऊन जाऊ. रस्ता त मालूम होईन."

एजंटानं खरंच दारातच थांबवलं. वहिनी तिथल्या बाकावर बसली ती उठेचना. शेवटी त्या मॅडमनंच आमच्याकडे पाहून विचारलं, या कोण? उतारवयाची, आखूड केसांची, कोरड्या चेहऱ्याची बाई. मी सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय तेही सांगितलं, लेक घरातून निघाली की तिचा पदर रिकामा ठेवत नाहीत. मला वाटलं आता ही विरघळणार. कसली विरघळते! ती म्हणाली, छान आहे, पण माझ्या पेटीत नको. मग तिनं एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या देशांतून येणाऱ्या मालात दरवेळी काही ना काही फुटतं. यात एका फळीलाही चरा नव्हता, काचेचं दार जसंच्या तसं. म्हणून माल तिथंच औषधाची धुरी देऊन सोडवून घेऊ, आणि आणखी एक कंटेनर मागवून पाहू. पण अट एकच. ज्या बाईनं हे ठेवलं, ती पॅकिंगच्या आणि भरतीच्या वेळी आत असता कामा नये.

माझं डोकंच फिरलं. मी भाषांतर करणं सोडून त्या मॅडमशी भांडायला लागले. अहो, हे काम हिनं उभं केलंय, बायका हिच्या शब्दावर आल्यात, तिलाच बाहेर काढता? वहिनीनं माझा पदर ओढला. "शोभाताई, तुमी नंतर भांडा. आधी मले सांगा, ती म्हणते काय?" मी सांगितलं. सांगताना मला तिच्या तोंडाकडे पाहवेना. ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "विचारा तिले, आत म्हणजे कुठपासून? गेटच्या बाहेर बसली त चालते का?" मी विचारलं. मॅडम पहिल्यांदा हसली. चालेल म्हणाली. परतीच्या गाडीत मला वाटलं, आता तरी ही रडेल. तिनं भाकर-ठेचा सोडला, माझ्या हातावर अर्धी भाकर ठेवली आणि म्हणाली, "चाला, शेड वाचली."

त्या दिवसापासून पॅकिंग सुरू झालं की वहिनी बाहेर. गेटजवळच्या कडुनिंबाखाली एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. हातात निवडायला भाजी, लक्ष सगळं आत. आतून शेवंता ओरडून विचारायची, ही बाहेरून ओरडून सांगायची. मी एकदा चिडवलं, "वहिनी, उंटावरून शेळ्या हाकणं चांगलं चाललंय." ती म्हणाली, "शेळ्या आपल्या जागी जाऊन राहिल्या ना? मंग उंटाले नाव काहून ठेवता?" दुसरा कंटेनर विनातक्रार गेला, मग तिसरा, मग मी विचारणं सोडून दिलं. वरूडकडून आणखी बायका आल्या. त्यांच्या पोरी शिकल्या, कोणाची नर्स झाली, कोणाची तलाठी. भर उन्हात, थंडीत, माल भरायच्या दिवशी आमच्या घरची मालकीण गेटाबाहेर बसलेली, आणि येणारा-जाणारा विचारायचा, बाई, कोणाची वाट पाहून राहिल्या?

पुढं ती मॅडम नोकरी सोडून गेली, एजंट बदलला, ती अट कोणाच्या लक्षातही राहिली नाही. दादा म्हणाला, "आता बस झालं, ये आत." मीही म्हटलं, "वहिनी, कोणाला दाखवतेस हा हट्ट?" तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. म्हणाली, "हट्ट नोहे वं. तिनं म्हटलं म्हणून बाहेर नाही बसत मी. मले माह्यावर भरोसा नाही. पेटी बंद होताना पाहिली ना, की अजूनबी हात आपोआप पदराकडे जाते. एक दिवस पुन्हा ठेवून देईन काहीतरी. अन् मंग या बायाइचं काय?" स्वतःचा एवढा खरा हिशेब मांडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. मोठमोठे लोक स्वतःच्या चुकीला नशीब म्हणतात. ही आपल्या मायेलाच दाराबाहेर बसवून पहारा करत राहिली, आणि वर हसत राहिली.

ती गेली त्यानंतरच्या दिवसांत दादा भिंतीला टेकून बसलेला असायचा. कोणी आलं की एकच वाक्य. "तेरवी झाली की शेड देऊन टाकतो कोणाले तरी. आता कोणासाठी करायचं?" प्रशांत पुण्याला नोकरीत, तो काय बोलणार? अशात एका सकाळी शेवंता आणि सगळ्या बायका घरी आल्या. आता शेवंताचेही केस पिकलेत. बसल्या, डोळे पुसले, पण उठायचं नाव नाही. मग शेवंता म्हणाली, "दादा, शेडची किल्ली द्या. कंटेनर येऊन राहिला."

दादा खवळला. "शेवंता, घरातली बाई गेली अन् तुले कंटेनर सुचून राहिला?"

शेवंता जागची हलली नाही. "दादा, इतकी वर्षं कुसुमबाई आत होती का? बाहेरच होती ना? तरी काम थांबलं का एक दिवस? आताबी बाहेरच हाये असं समजा... अन् द्या किल्ली."

दादा माझ्याकडे पाहत राहिला, जसं काही मी नाही म्हणेन. मी कशाला नाही म्हणू? मी उठले, त्याच्या उशाखालची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती शेवंताला दिली. तेव्हा कुठं मला रडू आलं, इतक्या दिवसांचं एकदम.

मागच्या शनिवारी मी शेडवर गेले होते. शेवंतानं कुलूप काढलं, आतून आधी ती पांढरी खुर्ची बाहेर आणली, कडुनिंबाखाली ठेवली, आणि मगच बायका आत गेल्या. रोज असंच करतात, कोणी सांगितलेलं नाही. मी जरा वेळ त्या खुर्चीवर बसले. आतून ठोकाठोकीचे, हसण्याचे आवाज येत होते. राहवेना, म्हणून उठून दाराशी गेले, म्हटलं बघू तरी कसं भरतात. पाऊल आत टाकणार तोच शेवंता आतून ओरडली, "मास्तरीणबाई, थांबा! खुर्चीवर बसणाऱ्यानं आत यायचं नाही."

मी मागं फिरले आणि खुर्चीवर जाऊन बसले.